13 वर्षांची इटिऑस आणि 16 महिन्यांची वही

आमची टोयोटा इटिऑस मे 2012 ची. पेट्रोल, 1.5 लिटरचं इंजिन, मॅन्युअल गिअर. बाबा तेव्हा कोल्हापूर ते इचलकरंजी जा-ये करायचे, त्यामुळे पहिल्या सात वर्षांत गाडी 84,000 किलोमीटर पळाली. 2019 ला ते निवृत्त झाले आणि गाडी अंगणातल्या बकुळीखाली उभी राहायला लागली. त्यानंतर वर्षाला जेमतेम साडेचार हजार किलोमीटर. जून 2024 पासून गाडीचं सगळं मी बघते. हा अनुभव त्या 16 महिन्यांचा आहे. आज मीटरवर 1,14,500 दिसतात.

मी हातात घेण्याचं कारण फोंडा घाट. मे 2024 मध्ये आम्ही देवगडजवळच्या गावी निघालो होतो. मागे आई आणि माझी मुलगी, डिकी भरलेली. दाजीपूर सोडून घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर ब्रेकचं पॅडल मऊ लागायला लागलं. पुढच्या वळणाला ते जवळजवळ तळाला गेलं. दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला घेतली. अर्धा-पाऊण तास थांबल्यावर पॅडल पुन्हा कडक झालं, तेव्हा पहिल्या-दुसऱ्या गिअरवर खाली उतरलो. त्या अर्ध्या तासात आई एक शब्द बोलली नव्हती.

आम्ही सर्व्हिसिंग चुकवत नव्हतो, तरी असं का झालं हे मला आधी कळेना. परत आल्यावर बिलांची फाइल काढली. ब्रेक ऑइल 2019 ला बदललेलं होतं. ते 40,000 किलोमीटरला बदलायचं, एवढंच आमच्या डोक्यात. पाच वर्षांत गाडी फिरली 22,000, म्हणजे आमच्या हिशोबाने अजून वेळ होता. पण देखभालीच्या तक्त्यात किलोमीटरच्या शेजारी महिनेही लिहिलेले असतात, आणि जे आधी येईल ते धरायचं असतं. ते महिने आम्ही कधी वाचलेच नव्हते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, गाडी चालो वा उभी राहो. डॉट 4 दर्जाचं कोरं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा 155 पर्यंत उतरलेली चालते. घाटात पाय सतत ब्रेकवर ठेवला की तेवढी उष्णता सहज तयार होते. ऑइलमधलं पाणी उकळून वाफ होते आणि वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पॅडल खाली जातं. थंड झालं की सगळं पूर्ववत वाटतं, आणि हेच जास्त धोक्याचं, कारण माणूस विसरून जातो.

उद्यमनगरातले आमचे मिस्त्री ऑइल काढत होते. काळपट चहासारखा रंग होता. मी म्हटलं, गाडी फारशी फिरलीच नाही हो. ते म्हणाले, "रबराला न् तेलाला किलोमीटर कळत न्हाईत ताई, वर्षं कळत्यात." त्या दिवशी मी एक दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक गोष्टीपुढे शेवटची तारीख लिहायला बसले. अर्ध्या गोष्टींपुढे लिहायला तारीखच नव्हती.

टायर बघितले. नक्षी चांगली शिल्लक होती, कुणीही म्हणालं असतं की अजून दोन वर्षं चालतील. पण टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर 3116 होतं, म्हणजे 2016 सालचा 31 वा आठवडा. आठ वर्षांचं रबर. उजेडात नीट पाहिलं तर बाजूला केसासारख्या बारीक भेगा. चारही बदलले, 20,800 रुपये. स्टेपनी अजून 2012 ची, म्हणजे कारखान्यातून आलेली होती! जुन्या चारातला बरा टायर तिथे ठेवायचा मोह झाला होता. मिस्त्रींनी ठेवू दिला नाही, आणि स्टेपनीसाठी मी अजून नवा टायर घेतलेला नाही. ते काम बाकी आहे. तोवर लांबच्या प्रवासाला मेहुण्यांच्या इटिऑसची स्टेपनी मागून नेते.

कूलंटचंही (इंजिन थंड ठेवणारं द्रव) तेच. टाकीतली पातळी कमी दिसली की बाबा नळाचं पाणी घालायचे. आमच्याकडचं पाणी जड आहे, त्यातले क्षार आत बसतात. शिवाय कूलंट पातळ होतं आणि त्यातलं गंज रोखणारं द्रव्य कमी पडतं. सगळं काढून आतून धुतलं आणि नवं भरलं, 1,600 रुपये. कूलंट नेणारा वरचा होज पाइप बोटांनी दाबला तर कडक, पापडासारखा. दोन्ही होज आणि थर्मोस्टॅट बदलला, 3,800. पाइप बदलला नसता तर तो कुठल्यातरी चढावर फाटलाच असता, आणि इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या सांध्यातलं सील) गेलं असतं तर खर्च कितीतरी पटीने वाढला असता.

सस्पेन्शनमध्ये, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलणाऱ्या भागांत, मात्र मी पैसे वाचवायला गेले आणि फसले. खड्ड्यातून जाताना पुढून टक टक आवाज यायचा. लिंक रॉड स्वस्तातले बाहेरचे घातले. पाच महिन्यांत आवाज परत. मग लोअर आर्मचे बूश (सांध्यातले रबर) आणि लिंक रॉड कंपनीचे घातले, चाकांचं अलाइनमेंट केलं, एकूण 7,200 लागले. आता स्टिअरिंग सरळ राहतं आणि आईची मागच्या सीटवरची तक्रार थांबली.

पावसाळ्याची वेगळी यादी केली आहे. इटिऑसला पुढच्या काचेला एकच लांब वायपर आहे. तो गेला की हाताशी दुसरा नाही, म्हणून त्याचं रबर दरवर्षी मेअखेर बदलते, चांगलं दिसत असलं तरी. बकुळीची पानंफुलं काचेखालच्या जाळीत अडकून पाणी निघायची वाट बंद करतात. गेल्या वर्षी पुढच्या सीटखालची मॅट ओली का होते हे शोधता शोधता ते सापडलं. आता जूनआधी आणि गणपतीआधी जाळी हाताने साफ करते. गावाहून आल्यावर गाडीचा तळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घेते. समुद्राकाठची खारी हवा पत्र्याच्या सांध्यात बसते आणि तिथेच गंज सुरू होतो.

इंजिनबद्दल लिहायला कमी आहे, आणि ते चांगलंच आहे. इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारी टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळे ती बदलायची मुदत डोक्यावर नसते. पण चेन टिकते ती स्वच्छ ऑइलवर. म्हणून किलोमीटर कितीही होवोत, दर जूनला ऑइल आणि फिल्टर. दोन वेळचे मिळून 6,800. बॅटरी पाचव्या वर्षी थकली होती. सकाळी उभ्या गाडीत 12.1 व्होल्ट दाखवत होती, ती साडेबाराच्या वर हवी. बंद पडायची वाट न बघता बदलली, 5,400.

एक गोष्ट देखभालीने सुधारली नाही, ती मायलेज. हायवेला पूर्वी 16 मिळायचे, आता 15. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या चारचाकींचं मायलेज 6 ते 7 टक्के घटेल असा अंदाज होता. माझ्या वहीतले आकडे त्याच्याशी जुळतात. इंधनाचे रबरी पाइप दर सर्व्हिसिंगला तपासायला सांगते. घट सोसता येते, पेट्रोलची गळती नाही.

ब्रेक ऑइलचे 900 धरून 16 महिन्यांचा हिशोब 46,500 होतो, म्हणजे महिन्याला साधारण 2,900. ही रक्कम फुगलेली आहे, कारण त्यात आधीच्या पाच वर्षांची थकबाकी आहे. नव्या गाडीसाठी दहा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी 9 टक्क्यांनी घेतलं तर हप्ता 20,700 च्या वर जातो, तेव्हा गाडी ठेवण्याचा निर्णय मला पटतो. पण बऱ्याच नव्या गाड्यांत वळणावर घसरण सावरणारी यंत्रणा असते, सहा एअरबॅग असतात. आमच्या गाडीत दोनच आहेत, आणि कितीही देखभाल केली तरी त्या वाढणार नाहीत. मुलगी चालवायला शिकेल तेव्हा मी हा विचार पुन्हा करणार आहे.

मे 2027 ला 15 वर्षं पूर्ण होतील. तेव्हा आरटीओत तपासणी, 5,000 रुपये नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क, वर पर्यावरण कर. पास झाली तर पुढची पाच वर्षं. वहीत त्या पानावर आत्ताच चार कामं लिहून ठेवली आहेत: क्लच प्लेट, इंजिन माउंटिंग, मागचे ब्रेक शू आणि डाव्या दाराखालचा गंज. त्याआधी जून 2026 ला ब्रेक ऑइल. त्याच्यापुढे किलोमीटरचा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवला आहे.