चिखल्यांवर काय लावावं : हळद-तेल, मेंदी की मेडिकलमधली ट्यूब?

पुष्याचा पाऊस लागून राहिला आणि रान चिबडलं, की सोयाबीनच्या खुरपणीला जाणाऱ्या बायांच्या पायाच्या बोटांत चिखल्या, म्हणजे बुरशीने खराब झालेली बेचकी, ठरलेल्याच. लातूरला क्लासेससाठी होस्टेलवर राहणारी पोरं चिखलात पाय घालत नाहीत, पण दिवसभर बुटांत पाय कोंडून बसतात, त्यामुळे त्यांचीही तीच गत. मग घरातली हळद लावायची, मेंदी थापायची, पावडर मारायची की ट्यूब आणायची? ट्यूब आणायची तर कोणती? काउंटरवर एक मागितली की चार समोर येतात.

औषध निवडण्याआधी पाय बघा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट फाकवून उजेडात धरा. बेचक्यातली कातडी पांढरी, फुगलेली, नखाने सुटून येणारी, खाली लालसर चीर आणि आंबूस वास, ही ओली चिखली. दुसरा प्रकार कोरडा. त्यात तळव्यावर आणि पावलाच्या कडेने पिठूळ पापुद्रे सुटतात, तळव्याच्या रेघांत पांढरी भुकटी दिसते, खाज बेताचीच असते. ह्या कोरड्या प्रकाराला भेगा समजून लोक वर्षानुवर्षं व्हॅसलीन चोळतात. साध्या भेगा बहुतेक दोन्ही टाचांना सारख्याच पडतात. बुरशी मात्र बऱ्याचदा एका पायाला जास्त असते, सोबत एखादं नख जाड आणि पिवळं झालेलं असतं, आणि कधीकधी एका हाताचा तळवाही तसाच सोलत असतो.

हळद आणि खोबरेल तेल हा उपाय घरोघरी आहे. हळद आणि कडुनिंबाचा पाला प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत बुरशीची वाढ रोखतात, हे खरं. पण पायावर त्याने चिखली पूर्ण बरी होते असा भक्कम पुरावा नाही. त्याहून मोठी अडचण तेलाची. ओल्या बेचक्यात तेल घातलं की आतलं पाणी आतच कोंडतं. कोरड्या तळव्याला तेलाने मऊपणा येईल, बुरशी जाणार नाही. मेंदी त्या मानाने बरी, कारण ती वाळते आणि कातडीही वाळवते. नागपंचमीला हातावर काढताना उरलेली बोटांच्या बेचक्यांत भरली तर नुकसान नाही. मात्र ती घरी वाटलेल्या पाल्याची असावी. बाजारातल्या काळ्या मेंदीत केस रंगवायचं पीपीडी हे रसायन घातलेलं असू शकतं, आणि त्याने फोड येतात. कच्चा लसूण चोळणं आणि रॉकेल लावणं हे उपाय नकोतच. लसणाने कातडी अक्षरशः भाजते.

घरच्या उपायांत माझं मत पडेल ते पाण्याच्या एका घमेल्याला. बेचकं पाझरत असेल तर पोटॅशियम परमँगनेट फिकट गुलाबी होईल इतकंच, म्हणजे साधारण 1 भागाला 10,000 भाग पाणी, त्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवून बसायचं. खडा आधी पूर्ण विरघळवून घ्या. पाणी जांभळं झालं तर ते कडक झालं, त्याने भाजतं. नखं तपकिरी होतील, त्याची काळजी नको. पाझर थांबला की हे बंद. नंतर पाय फडक्याने टिपून प्रत्येक बेचकं वेगळं कोरडं करायचं. रानाला वाफसा आल्याशिवाय आपण पाळी घालत नाही, तसंच बेचकं सुकल्याशिवाय मलम लावायचं नाही.

आता ट्यूब. साध्या बुरशीनाशकांत खरी निवड तिघांत आहे: क्लोट्रिमाझोल 1 टक्का, टर्बिनाफिन 1 टक्का आणि ल्युलिकोनाझोल 1 टक्का. क्लोट्रिमाझोल जुनं आणि स्वस्त, पण दिवसातून दोनदा आणि चार आठवड्यांपर्यंत लावावं लागतं. ते बुरशीची वाढ रोखतं. टर्बिनाफिन बुरशी मारतं, म्हणून बोटांमधल्या चिखलीला दिवसातून दोनदा लावून एक आठवडा पुरतो. तळव्याला आणि कडेला दोन आठवडे. ल्युलिकोनाझोल दिवसातून एकदाच, बोटांच्या मधल्या बुरशीला दोन आठवडे.

खाज थांबली की ट्यूब फळीवर ठेवून विसरणारा माणूस असेल तर टर्बिनाफिनच घ्या. आणि आपण बहुतेक सगळे तसेच असतो. पण बेचकं फार ओलं, लालभडक, पांढरा थर धरलेलं असेल तर तिथे कँडिडा नावाची बुरशीही असू शकते. तिच्यावर टर्बिनाफिन फारसं चालत नाही, क्लोट्रिमाझोल चालतं. सतत पाण्यात काम असणाऱ्यांनी म्हणून क्लोट्रिमाझोल निवडावं आणि चिकाटी ठेवावी. कोणतीही ट्यूब असो, डागाच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत पातळ थर द्यायचा. जाड लावल्याने लवकर गुण येत नाही, बेचकं फक्त पुन्हा ओलं होतं.

कोरड्या, जाड तळव्याला अजून एक जुनं औषध आहे, व्हाइटफील्डचं मलम. 6 टक्के बेंझोइक आम्ल आणि 3 टक्के सॅलिसिलिक आम्ल. जाड कातडी सोलून काढण्यात ते चांगलं, पण चिरलेल्या ओल्या बेचक्यात लावलं तर डोळ्यांत पाणी येईल.

आणि चौथी ट्यूब, जिच्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं. ‘खाजेचं मलम द्या’ म्हटलं की पुष्कळदा तीच हातात पडते. तिच्यात बुरशीनाशक असतं, जंतुनाशक असतं आणि सोबत स्टिरॉइडही असतं. डबीच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं की ती परत करा. दुसऱ्याच दिवशी खाज गायब होते, लाली उतरते, माणूस खूश. स्टिरॉइड फक्त शरीराचा विरोध दाबतं. बुरशी त्या आडून पसरत राहते. लावणं थांबवलं की दुप्पट भडकते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. कातडी पातळ होते, आणि डाग इतका बदलतो की डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं एच परिशिष्टात टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर त्याचं काय होतं ते आपण जाणतोच.

पायाबरोबर जांघेत किंवा कमरेला गजकर्णाचे गोल चट्टेही असतील तर स्वतः ट्यूब निवडण्याच्या फंदात पडू नका. आपल्याकडे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी पसरली आहे, 2020 मध्ये तिला हे वेगळं नाव मिळालं, आणि तिचे बरेच प्रकार टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. तिथे त्वचारोग तज्ज्ञच हवा. पायाची बुरशी जांघेपर्यंत जाण्याचा एक साधा रस्ता कपड्यांचा आहे, म्हणून आधी मोजे चढवा आणि मग चड्डी. ऐकायला गमतीचं वाटेल, पण कारण तेवढंच आहे.

क्लोट्रिमाझोलची पावडर एकटी वापरून चिखली सहसा जात नाही. ती बरं झाल्यानंतर बुटांत आणि मोज्यांत टाकायला. साधी टाल्कम फक्त घाम शोषते.

परत होऊ नये म्हणून पायात काय घालावं, यावर शहरी सल्ला आमच्याकडे अर्धाच लागू पडतो. ‘मोकळे पाय ठेवा’ हे घरात ठीक. रानात घोणस आणि मण्यार आहेत, तिथे गमबूट काढायला मी कुणाला सांगणार नाही. गमबुटात पाय घामाने भिजतो, हे मान्य करून चालायचं: आत सुती मोजे, दुपारच्या भाकरीला बूट काढून पाय पुसायचे, मोजे बदलायचे, आणि संध्याकाळी बूट उलटे करून काठीवर टांगायचे. प्लास्टिकची चप्पल लवकर वाळते, म्हणून चिखलाच्या दिवसांत कातडी चपलेपेक्षा ती बरी. भिजलेली कातडी चप्पल दोन-दोन दिवस ओल धरते. होस्टेलच्या पोरांनी बुटांचे दोन जोड आलटून पालटून घातले तर एक जोड पूर्ण वाळतो. ते परवडत नसेल तर निदान बाथरूमची चप्पल स्वतःची ठेवावी आणि टॉवेल कुणाला देऊ नये.

मोजे 60 अंशांच्या पाण्यात धुतले तर बुरशी मरते, म्हणजे हात घालवणार नाही इतकं कडक पाणी. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या मुलखात ‘रोज धुवा’ म्हणणं सोपं नाही, तरी दोन मोज्यांना तांब्याभर पाणी पुरतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकडच्या कुटुंबांना कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, तेही जड जातं. त्यांनी निदान मोजे आणि बूट रोज उन्हात टाकावेत आणि ट्यूब सोबत न्यावी.

नखात शिरलेल्या बुरशीवर मलम जवळपास निरुपयोगी. पायाच्या नखाला टर्बिनाफिनची 250 मिलिग्रॅमची गोळी रोज, 12 आठवडे, तीही डॉक्टरने यकृताची विचारपूस करून दिलेली. नवं नख पूर्ण यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, त्यामुळे गोळी संपली तरी नख जुनंच दिसतं म्हणून घाबरू नका.

साखरेचा आजार असेल, पायाला बधिरपणा असेल, तर घरी काहीच करून बघू नका. बेचक्यातल्या चिरेतून जंतू आत शिरून पाय लाल, गरम आणि सुजलेला झाला, लाली वर चढू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, निरोगी माणसानेही. ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे पैशांसाठी दिवस ढकलू नका.