समुद्रकाठचं रिसॉर्ट : चौदा महिने, तीन मुक्काम आणि पाणी न टिपणारा टॉवेल

निघायच्या दिवशी सकाळी काउंटरवर बिल हातात आलं. त्यात खालून तिसरी ओळ होती : लिनन डॅमेज, १,४०० रुपये. हे कशाचं, म्हणून विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, तुमच्या खोलीतल्या बाथ टॉवेलवर डाग पडलेत. मी म्हटलं, तो टॉवेल इथे आणा, माझ्यासमोर.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं चेकिंगच्या टेबलाशी उभी राहिले. दोन्ही बाजू, चारही काठ, सुटलेला धागा, ओढलेला लूप (टॉवेलवरचा धाग्याचा उभा फास), तेलाचा डाग, सगळं बोटांनी आणि डोळ्यांनी पाहायचं काम. माझ्यावर टॉवेल खराब केल्याचा आळ आला, त्याचा राग पैशांपेक्षा मोठा होता. पैशांचाही होताच. तसला टॉवेल सोलापुरात मी साडेतीनशे-चारशेला आणते.

पण हे सुरुवातीपासून सांगायला हवं, कारण या चौदा महिन्यांत माझं मत दोनदा फिरलंय. रिसॉर्ट सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं आहे, अगदी वाळूला लागून. नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. खोल्या कशा, पूल केवढा, समुद्र किती पावलांवर, हे अशा ठिकाणांच्या फोटोंत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यावर मी शब्द खर्च करत नाही. फोटोत दिसतं तसंच आहे.

पहिल्यांदा गेलो नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळी उरकल्यावर. मुलगा आणि सून पुण्याला असतात, हट्ट त्यांचाच. गाडीने सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबोली घाट उतरून, जवळपास चारशे किलोमीटर. खोली ८,२०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एका रात्रीचे ९,६७६. आकडा ऐकून मी गाडीत बराच वेळ बोलले नव्हते. पोचल्यावर गॅलरीतून समुद्र दिसला आणि मीच मुलाला म्हटलं, बरं केलंस.

संध्याकाळी पाण्यात जाऊन आलो. अंघोळ केली, टॉवेल घेतला. पांढरा, जाड, हाताला लोण्यासारखा मऊ. अंग पुसायला लागले तर पाणी टिपलंच जाईना, नुसतं इकडचं तिकडे सरकत राहिलं. केसांना गुंडाळला तर मानेवरून ओघळ. सूनबाईंना विचारलं, त्यांचंही तेच.

कुणी म्हणेल, एवढा समुद्र सोडून ही बाई टॉवेलवर का अडली. समुद्रकाठच्या हॉटेलात माणूस दिवसातून तीन-चार वेळा ओला होतो. सकाळी समुद्र, दुपारी पूल, मग वाळू धुवायला शॉवर, रात्री पुन्हा अंघोळ. पलंगावर आपण चादर पांघरून झोपतो, पण उघड्या अंगाला सगळ्यात जास्त वेळा लागतो तो टॉवेल. साडेनऊ हजार घेऊन तुम्ही मला कोरडं करू शकत नसाल, तर दारातल्या वेलकम ड्रिंकचं मी काय करू?

त्याच मुक्कामातली दुसरी गोष्ट पाण्याची. बाथरूममध्ये कार्ड लावलेलं होतं : पाणी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर हुकला टांगा, धुवायचा असेल तर खाली टाका. मला फार आवडलं. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवावं लागतं. मी तिन्ही दिवस टॉवेल इमानाने हुकला टांगला आणि तिन्ही दिवस त्यांनी तो उचलून नवीन ठेवला. मग कार्ड कशाला लावायचं?

घरी आल्यावर मी भेटेल त्याला सांगितलं की त्यांनी पॉलिस्टर मिसळलेला हलका माल भरलाय. हे माझं पहिलं मत. ते चुकीचं होतं, इथे परत घेते.

दुसरा मुक्काम जुलै २०२५. सोलापूरहून गोव्याचं विमान ९ जूनपासून सुरू झालं होतं. मोपाला उतरलं की सिंधुदुर्ग जवळच. ज्या वाटेला आख्खा दिवस जायचा तिथे विमानात फक्त तासभर बसलो. पावसाळ्याचा दर ४,९००, त्यावर तेव्हाचा १२ टक्के कर, ५,४८८ रुपये. त्या दिवसांत समुद्रात उतरायला मनाई असते, बोटिंग आणि पाण्यातले खेळ बंद, यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. ज्यांना ताजी सुरमई आणि पाण्यात खेळायचंय त्यांनी जुलैत जाऊ नये. आम्हाला पाऊस बघायचा होता, तो पोटभर बघितला. सोलापूरच्या माणसाला नुसता तिरपा पाऊस बघत गॅलरीत बसण्याचं सुख काय असतं, ते बाकीच्यांना कळणार नाही. नाश्त्याचे घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ उत्तम, तिथे नाव ठेवायला जागा नाही.

या वेळी मी घरचा टॉवेल सोबत नेला होता, ७० बाय १४० सेंटिमीटरचा. विमानाच्या सामानासाठी मुलाने बॅगा तोलायचा छोटा काटा घेतलेला होता. त्यांचा कोरडा टॉवेल माझ्या टॉवेलवर अंथरला, मापाला तंतोतंत. मग काट्याला लावला, ५४० ग्रॅम. म्हणजे चौरस मीटरला साधारण ५५० ग्रॅम, ज्याला आम्ही ५५० जीएसएम म्हणतो. हॉटेलसाठी हा चांगला, भारी माल. ओढलेल्या लूपचा एक धागा तोडून गॅलरीत काडीने पेटवला. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटावर राख उरली. पॉलिस्टर असतं तर वितळून कडक मणी झाला असता. शंभर टक्के सुती.

मग पाण्याच्या थेंबाची परीक्षा घेतली. घरच्या टॉवेलवर थेंब सोडला, बघता बघता जिरला. त्यांच्या टॉवेलवर सोडला तर लूपांवर मोत्यासारखा बसून राहिला. मी वीसपर्यंत आकडे मोजले, तरी तसाच.

तेव्हा कळलं की खरेदी करणाऱ्याने पैसे मोजून चांगला माल घेतलाय आणि धुलाईत त्याचा जीव जातोय. हे सॉफ्टनरचं काम, म्हणजे कपडे मऊ व्हावेत म्हणून धुताना घालतात त्या द्रव्याचं. सॉफ्टनर सुताच्या तंतूवर तेलकट थर चढवतो. हाताला मऊ लागतं, पण टॉवेलचं पाणी पिणंच बंद होतं. प्रत्येक धुण्यात थरावर थर बसत जातो.

खोली आवरायला येणाऱ्या मुलीला मी हे दाखवलं. ती स्थानिक होती, वीस-बावीस वर्षांची, थेंबाकडे वाकून बघत राहिली. म्हणाली, "काकू, आमी काय करतलंव? वरसून सांगतत तसा करूक लागता." तिची काही चूक नव्हती. जुलैच्या हवेत टॉवेल हुकवर वाळतही नव्हता, दुसऱ्या दिवशी कुबट वास. या वेळी मला तो रोज बदलून हवा होता, तर कार्डाचा नियम आता काटेकोर पाळला जात होता. फोन करून मागावा लागला. पण फोन केल्यावर पाच मिनिटांत आला, हेही सांगते.

आता तिसरा मुक्काम, जानेवारी २०२६. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेचे मुख्य दिवस उरकले आणि निघालो. खोलीचा भाव करताना एक गोष्ट कामाला आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८. त्यांनी ७,६०० सांगितले. मी म्हटलं, ७,४०० करा. ७,६०० ला करासकट ८,९६८ होतात, ७,४०० ला ७,७७०. त्यांनी दोनशे सोडले की माझे ११९८ वाचतात. त्यांनी केलं. जायच्या आधी हा हिशोब प्रत्येकाने करावा. जेवणाच्या बिलावर मात्र १८ टक्केच लागले, आणि त्यावर न विचारता १० टक्के सर्व्हिस चार्ज. तो सक्तीने लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती उचलून धरलीत. हे सांगितल्यावर मुकाट्याने काढला. नसता काढला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

तर तो टॉवेल काउंटरवर आला. एका टोकाला गंजासारखे नारिंगी-तपकिरी ठिपके, सात-आठ. मी ओळखला. पहिल्याच संध्याकाळी मी तो उजेडात धरून बघितला होता आणि मुलाला दाखवायला फोटोही काढला होता. सवयच आहे. फोटोवर तारीख आणि वेळ होती, आम्ही खोलीत शिरल्यानंतर चाळीस मिनिटांची.

पण फोटो दाखवण्याआधी मी त्यांना डाग कसा पडतो ते सांगितलं, कारण उद्या दुसऱ्या पाहुण्याकडे फोटो नसेल. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये अ‍ॅव्होबेन्झोन नावाचं द्रव्य असतं. ते टॉवेलला लागतं तेव्हा काही दिसत नाही, फार तर फिकट पिवळट. पाण्यात लोह असलं की धुताना दोघांचं मिळून गंजाच्या रंगाचा डाग उमटतो. वरून क्लोरीनचं ब्लीच टाकलं की आणखी गडद होतो. म्हणजे हा डाग धुतल्यावर दिसतो. आम्ही वापरलेला टॉवेल अजून धुवायला गेलेलाच नव्हता. मग त्यावर उमटलेला डाग आमचा कसा?

काउंटरवरचा मुलगा गप्प झाला. मॅनेजर आले, तेही सुरुवातीला पॉलिसी पॉलिसी करत होते. इतक्यात हाउसकीपिंगच्या सुपरवायझर बाई मागून आल्या, त्यांनी टॉवेल हातात घेऊन काठ उलटा करून बघितला. काठ असा उलटा करून बघणारं माणूस कामातलं असतं. त्या म्हणाल्या, "मॅडम, असे डाग महिन्याला कितीतरी येतात. आम्हाला वाटायचं पाहुणे मेंदी नाहीतर हळद पुसतात." म्हणजे माझ्याआधी कितीतरी जणांनी मुकाट्याने पैसे भरले असणार. त्याचं मला अजून वाईट वाटतं. ते पैसे कुणी परत करणार नाही.

१,४०० रुपये बिलातून निघाले. मी त्यांना म्हटलं, पैसे सुटले, आता मला धुलाईखाना दाखवा.

तो त्यांनी दाखवला. ही गोष्ट मी चौदा महिन्यांत अपेक्षिली नव्हती. मागच्या बाजूला दोन मोठी मशिनं, एक ड्रायर, सॉफ्टनरचा निळा कॅन. पाणी बोअरचं, जरा मचूळ. सगळा परिसर जांभ्याचा, आणि जांभा लाल असतो तोच मुळी लोहामुळे. बादलीच्या तळाशी तांबूस थर दिसत होता. मग सगळी साखळी एकेक करून उलगडली. अशा पाण्याने टॉवेल कडक होतो. पाहुणे म्हणतात टॉवेल खरखरीत आहे. म्हणून सॉफ्टनर दुप्पट. सॉफ्टनरने टॉवेल पाणी टिपत नाही, म्हणून पाहुणा एकाच्या जागी तीन वापरतो. धुणं तिप्पट. पांढरेपणा जातो म्हणून ब्लीच, आणि ब्लीचने सूत कमजोर होऊन काठ फाटतात. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर वागत होता आणि टॉवेल मरत होता.

धुलाईवरच्या मुलाला मी सांगितलं : आधी तीन-चार धुणी सॉफ्टनर पूर्ण बंद. साबण निम्मा. पाणी साठ अंशांपर्यंत गरम. शेवटचं विसळताना थोडं सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजेच लिंबूसत्त्व. क्लोरीन बंद, लागलंच तर ऑक्सिजनवालं ब्लीच. ड्रायर आहेच, त्यात लूप आपोआप उभे राहतात, मऊपणासाठी वेगळं काही घालावं लागत नाही. आणि पाण्याच्या टाकीला लोहाचा फिल्टर, तो खर्च मालकाचा. मुलाने मोबाइलमध्ये सगळं टिपून घेतलं. सूनबाई गाडीत बसून होत्या, मुलगा दोनदा बोलवायला आला. मला निघवत नव्हतं. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आमच्या शहरातली घरंच्या घरं त्या धाग्यावर जगली आहेत. तो टॉवेल आमच्याकडचा होता की नाही मला माहीत नाही, त्यावर लेबल नव्हतं. पण कुणीतरी कुठल्यातरी टेबलाशी उभं राहून तो तपासून पुढे सोडला असणार, आणि इथे वर्षभरात त्याची चिंधी होत होती.

तीन आठवड्यांनी सुपरवायझर बाईंनी व्हॉट्सॲपवर छोटा व्हिडिओ पाठवला. टॉवेल, वर बोट, बोटावरून सुटलेला थेंब. मी मोजलं, चारपर्यंत आले तोवर थेंब जिरला होता. फिल्टरबद्दल विचारलं, तर मालकांशी बोलणं चाललंय म्हणाल्या.

चूक कळल्यावर ते सुधारतायत, म्हणून नाव लिहिलं नाही. पहिल्या मुक्कामानंतर लिहिलं असतं तर पाचात दोन दिले असते. आज चार देते. एक कापला तो सर्व्हिस चार्जसाठी आणि ज्यांनी त्या डागांचे पैसे भरले त्यांच्यासाठी. ऑक्टोबरचा दर विचारून ठेवलाय. ७,५०० च्या आत दिला तर जाऊ, आणि घरचा टॉवेल मी तरीही बॅगेत टाकणार आहे. फिल्टर बसला की नाही, ते दोन्ही टॉवेल शेजारी ठेवून बघितल्याशिवाय कळणार नाही.