लेक फोर्कची सहल आणि ८४० डॉलरचा गंडा

टेक्सासमधील लेक फोर्क या तलावावर बास मासे धरण्यासाठी आम्ही जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारची सहल आखली होती आणि त्या सहलीच्या नावाखाली एका भामट्याने आमच्याकडून ८४० डॉलर उकळले. डॅलस आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांकडे उन्हाळ्यात भारतातून आईवडील येतात, त्यांना कुठेतरी न्यावे म्हणून मुले घाईने बेत ठरवतात, आणि तलावांवरच्या गर्दीचेही तेच दिवस असतात. आमच्यावर आलेली वेळ त्यांच्यापैकी कोणावर येऊ नये, एवढ्याचसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

माझे वडील सांगलीचे. कृष्णेच्या काठी बसून गळाने मरळ धरण्यात त्यांचे बालपण गेले. इकडे येताना त्यांनी गळांची एक जुनी पत्र्याची डबी सोबत आणली होती. ती पाहिल्यावर या खेपेला त्यांना लेक फोर्कला न्यायचेच, असे मी मनाशी ठरवले. डॅलसच्या पूर्वेला गाडीने साधारण दीड तासावर असलेला हा जलाशय १९८० साली धरण बांधून तयार झाला आणि सुमारे २७ हजार एकरांवर पसरला आहे. टेक्सास राज्यातला आजवरचा सर्वांत वजनदार लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास, १८.१८ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ सव्वाआठ किलोचा, जानेवारी १९९२ मध्ये इथेच गळाला लागला. साहजिकच मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेपासून पुढे इथल्या खोल्या, बोटी आणि चांगले गाइड मिळणे अवघड होते. मी चौकशीला लागले तेव्हा मेचा तिसरा आठवडा उजाडला होता आणि फोन केलेल्या चारही ठिकाणी जागा शिल्लक नव्हती.

अशा वेळी समाजमाध्यमावर एक जाहिरात दिसली. तलावाकाठी दोन खोल्यांची केबिन, दिवसभरासाठी गाइड आणि बोट, सगळे एकाच माणसाकडे आणि तेही रास्त दरात. मी निरोप पाठवला, त्याचे दहा मिनिटांत उत्तर आले. बोलणे अत्यंत अदबीचे होते. वडिलांचे वय विचारून त्याने बोटीत टेकायची खुर्ची लावून देतो असेही सांगितले. गाइडच्या ५५० डॉलरपैकी निम्मे, म्हणजे २७५ डॉलर आगाऊ, केबिनचे दोन रात्रींचे ३४० डॉलर पूर्ण, आणि मी, माझे यजमान व वडील अशा तिघांच्या मासेमारी परवान्यांचे प्रत्येकी २५ प्रमाणे ७५ डॉलर त्याने मागितले. क्रेडिट कार्ड चालेल का, असे विचारल्यावर कार्डावर जास्तीचा आकार पडतो, बँकेच्या ॲपमधून थेट खात्यावर पाठवा, असे तो म्हणाला. आणखी दोन कुटुंबे याच तारखांसाठी थांबली आहेत, संध्याकाळपर्यंत कळवा, हेही त्याने सांगितले. मी त्याच दुपारी ६९० डॉलर पाठवले.

निघायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, त्याचा पुन्हा निरोप आला. केबिनच्या मालकाने मोडतोडीपोटी १५० डॉलर अनामत मागितली आहे, ती निघताना परत मिळेल, आणि आज भरली नाही तर आरक्षण रद्द होईल, असे त्यात होते. त्या क्षणी मनात शंका आली होती, हे मी प्रांजळपणे सांगते. परंतु आधीचे ६९० डॉलर अडकलेले होते, वडिलांनी डबीतले गळ घासूनपुसून ठेवले होते, आणि आता माघार घेतली तर सगळेच बुडेल या धास्तीने मी तीही रक्कम भरली. हा दुसरा हप्ता मागण्यामागचा हिशेबच असा असतो की पहिली रक्कम वाचवण्यासाठी माणूस दुसरी देतो.

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही दिलेल्या पत्त्यावर पोहोचलो. फोटोतलीच केबिन समोर होती, तोच हिरवा दरवाजा, तोच लाकडी धक्का. पण ओसरीवर एक वयस्कर बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की हे त्यांचे राहते घर आहे, ते कधीच भाड्याने दिलेले नाही. काही वर्षांपूर्वी घर विकत घेतले तेव्हाच्या विक्रीच्या जाहिरातीतले फोटो कोणीतरी उचलले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. त्याच आठवड्यात आणखी एक कुटुंब असेच येऊन गेले होते. मी तिथूनच त्या माणसाला फोन लावला. क्रमांक बंद होता. वडील गाडीतून उतरले नव्हते. मी परत आले तेव्हा त्यांनी फक्त विचारले, “अगं, त्या बाईंना आपल्यामुळे त्रास तर नाही ना झाला?” रात्र आम्ही सल्फर स्प्रिंग्जच्या एका मोटेलमध्ये काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमिषाच्या दुकानात गेलो. तिथल्या गृहस्थांनी मी दाखवलेले सगळे निरोप चष्मा लावून, एकेक करून वाचले, आणि पाच मिनिटांत त्या माणसाने लेक फोर्क कधी पाहिलेदेखील नसावे, हे मला दाखवून दिले. त्या पाच मिनिटांत मी जे शिकले ते पैसे पाठवण्यापूर्वी माहीत असते, तर हा प्रसंग ओढवला नसता.

परवान्याचीच गोष्ट घ्या. टेक्सासमध्ये १७ वर्षे आणि त्यावरील व्यक्तीला गोड्या पाण्यात मासेमारीसाठी राज्याचा परवाना लागतो, तो ज्याच्या त्याच्या नावाने, जन्मतारीख आणि ओळख देऊन निघतो. त्या माणसाने आमच्यापैकी कोणाची जन्मतारीखच काय, वडिलांचे पूर्ण नावही विचारले नव्हते. शिवाय जूनचा पहिला शनिवार हा टेक्सासमध्ये मुक्त मासेमारीचा दिवस असतो आणि त्या दिवशी कोणालाच परवाना लागत नाही. आमची मासेमारी नेमकी त्याच शनिवारी होती. तलावावर काम करणाऱ्या गाइडला ही तारीख ठाऊक नसणे शक्य नाही.

“पाच मोठे मासे घरी नेता येतील, कितीही लांबीचे,” असे त्याने मला लिहिले होते. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला लार्जमाउथ बास ठेवताच येत नाही, तो जिवंत पाण्यात सोडावा लागतो. दिवसाला पाच माशांची मर्यादा आहे खरी, पण त्यांत २४ इंच किंवा त्याहून मोठा मासा एकच चालतो. मोठे मासे टिकून राहावेत म्हणून घातलेल्या या नियमामुळेच तलावाचे नाव झाले आहे, आणि इथला गाइड बोटीत बसल्याबसल्या आधी तोच सांगतो. जूनमध्ये मासे कुठे सापडतील, या माझ्या प्रश्नावर त्याचे उत्तर होते की काठाच्या उथळ पाण्यात अंडी घालणारे मासे दिवसभर मिळतील. प्रत्यक्षात इथल्या बासचा विणीचा हंगाम वसंतातच आटोपतो. जूनच्या उन्हात ते पहाटे थोडा वेळ उथळ भागात येतात आणि नंतर पाण्याखालचे उंचवटे, जुन्या ओढ्यांची वळणे, बुडालेले रस्ते अशा खोल जागा धरतात.

पैशाचे पुढे काय झाले तेही सांगते. बँकेचे म्हणणे असे की रक्कम मी स्वतःच्या संमतीने पाठवली असल्याने ती परत आणता येणार नाही. हीच रक्कम क्रेडिट कार्डाने दिली असती, तर विवरणपत्र आल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. कार्ड नको म्हणणारा माणूस नेमका हाच दरवाजा बंद करतो. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे मी तक्रार नोंदवली आहे. पैसे घेऊन लोकांना मासेमारीला नेणाऱ्या प्रत्येकाकडे टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाचा गाइड परवाना असावा लागतो. त्याचा क्रमांक मागून घ्यावा आणि विभागाला फोन करून खात्री करावी. खरा गाइड यात अपमान मानत नाही. दुकानातल्या गृहस्थांनी ज्यांच्याशी गाठ घालून दिली, त्या गाइडने विचारण्याआधीच परवाना दाखवला आणि पैसे बोटीतून उतरल्यावर घेतले. त्यांच्याकडे आम्हाला ऑगस्टमधला एक दिवस मिळाला. जूनच्या त्या शनिवारी मात्र वडील बोटी पाण्यात उतरवायच्या सार्वजनिक रॅम्पजवळच्या काठावरूनच गळ टाकून बसले आणि दुपारपर्यंत त्यांनी बारा-तेरा इंचांचे दोन बास धरून सोडून दिले.

तीच जाहिरात जुलैमध्ये वेगळ्या नावाने पुन्हा आली, म्हणून तिच्यातला गाइडचा फोटो इथे वर्णन करून ठेवते. टोपी घातलेला एक माणूस दोन्ही हातांत मासा धरून उभा आहे. मागे नितळ निळसर पाणी आणि खडकाळ काठ आहे. लेक फोर्कच्या पाण्यात जागोजागी बुडालेल्या झाडांची वाळलेली खोडे उभी असतात. फोटोत एकही खोड नाही. मासा तपकिरी आहे, अंगावर उभे पट्टे आहेत आणि त्याचा जबडा डोळ्याच्या खालीच संपतो. लार्जमाउथ बास हिरवट असतो, त्याच्या कुशीवर आडवा काळा पट्टा असतो आणि जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो. फोटोतला मासा स्मॉलमाउथ, म्हणजे बासचीच दुसरी जात आहे.