आर्क्टिकच्या तेल टर्मिनलला कोणते आइसब्रेकर हवे?

आर्क्टिक समुद्रातल्या तेल टर्मिनलसाठी मदतीचे जहाज निवडताना ते किती जाडीचा बर्फ फोडते, हाच आकडा सर्वांत आधी विचारला जातो. माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. भोवतालचा बर्फ वाहता आहे की किनाऱ्याला जखडलेला, आणि टर्मिनलवर सामान पोहोचवायचे आहे की तेथून केवळ तेल उचलायचे आहे, हे आधी ठरवावे लागते.

रशियाच्या उत्तरेकडील पेचोरा समुद्रातील प्रिराझलोम्नाया हा किनाऱ्यापासून सुमारे 60 किलोमीटरवर तळाशी टेकवलेला प्लॅटफॉर्म. विहिरी खोदणे, तेल साठवणे आणि टँकरमध्ये भरणे ही सारी कामे तेथेच चालत असल्यामुळे अन्न, इंधन आणि खोदाईचे साहित्य यांचा पुरवठा कधीच थांबवता येत नाही. 2006 मध्ये नॉर्वेत बांधलेली ‘युरी टॉपचेव’ आणि ‘व्लादिस्लाव स्ट्रिझॉव’ ही जहाजे मुळात पुरवठ्याचीच असून त्यांना बर्फ फोडण्याची ताकद दिलेली आहे. लांबी सुमारे 99 मीटर आणि मागे मालासाठी मोकळे डेक. येथला बर्फ वारा आणि भरती-ओहोटीबरोबर सरकतो. म्हणून प्लॅटफॉर्मच्या दोन विरुद्ध टोकांना तेल भरण्याची यंत्रणा बसवली आहे, आणि टँकर उभा असताना मदतीच्या जहाजाने बर्फ ज्या दिशेने येतो त्या अंगाला राहून मोठे तुकडे बारीक करत राहायचे असते.

रशियाच्याच ओब आखातातील ‘आर्क्टिक गेट’ टर्मिनलचे गणित निराळे आहे. मे 2016 मध्ये सुरू झालेला, टँकरमध्ये तेल भरण्याचा हा मनोरा किनाऱ्यापासून साडेतीन किलोमीटरवर आहे, तेलक्षेत्र जमिनीवर आहे, त्यामुळे पुरवठ्याच्या डेकचा येथे फारसा उपयोग नाही. आखातात नदीचे गोडे पाणी मिसळत असल्याने बर्फ कठीण होतो, आणि खरी अडचण त्यानंतर सुरू होते: टँकर त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जातात, फुटलेले तुकडे वाटेतच परत गोठतात, आणि काही आठवड्यांत जुनी वाट आजूबाजूच्या अखंड बर्फापेक्षाही अवघड होऊन बसते. 2018 मध्ये रशियातील व्हिबोर्ग येथे पूर्ण झालेल्या ‘अलेक्सांदर सान्निकोव’ आणि ‘आंद्रेई विल्कित्स्की’ या येथल्या आइसब्रेकरांना मागे दोन आणि नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, एक असे कोणत्याही दिशेला वळवता येणारे प्रोपेलर आहेत. नाळेखालच्या प्रोपेलरचा झोत तुकडे बाजूला ढकलतो आणि पाणी जहाजाच्या अंगावरून वाहवून घर्षण कमी करतो. या कामात त्याला तोड नाही. एकूण ताकद सुमारे 21.5 मेगावॅट असून ही जहाजे दोन मीटर जाड बर्फात चालू शकतात. त्यांची रुंदी मात्र 26 मीटर, तर तेथल्या टँकरांची 34 मीटर. त्यामुळे एका फेरीत टँकरजोगी वाट तयार होत नाही आणि टँकर स्वतःही बर्फात चालण्याइतका भक्कम असावा लागतो.

प्लॅटफॉर्मवर माणसे राहून काम करत असतील, तर मी निःसंशय पहिला, म्हणजे पुरवठ्याच्या जहाजाचा प्रकार सुचवेन. गोठलेली वाट हीच मुख्य अडचण असेल, तर तीन प्रोपेलरांचा वाढीव खर्च आणि देखभाल स्वीकारावी. पुढचा प्रोपेलर बर्फाचे थेट तडाखे झेलतो, ही जोखीम त्यात धरलेली असावी. दोन्ही गरजा समान असतील, तर पेचोरा समुद्रातल्याच वारांदेई टर्मिनलप्रमाणे काम वाटून देता येते: तेथे ‘वारांदेई’ हे मोठे आइसब्रेकर आणि ‘तोबोय’ हे लहान जहाज अशी जोडी 2008 पासून आहे, आणि दोन्ही सिंगापूरला बांधलेली आहेत.