टाकीचा कॉम्प्रेसर की बारा व्होल्टचा पंप?

फक्त टायरमध्ये हवाच भरायची असेल, तर बारा व्होल्टचा छोटा पंप पुरे. गाडीच्या लायटर सॉकेटला लावा, दारावरच्या स्टिकरवर दिलाय तेवढा पीएसआय (हवेचा दाब) भरा, डिकीत टाका. पेठ नाक्याजवळ हायवेवर रात्री हवा कमी झाली, तर सांगलीत घरी ठेवलेल्या टाकीचा काय उपयोग? फक्त पंप सलग चालवू नका, तापतो.

एअर फिल्टर झटकायचा, रेडिएटरच्या जाळीतली माती उडवायची, तर मात्र २४-२५ लिटर टाकीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर हवा. दुकानदार एचपी सांगत राहतो. आपण ९० पीएसआयला सीएफएम किती, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते, ते विचारायचं. नट खोलायच्या, हवेवर चालणाऱ्या अर्ध्या इंची इम्पॅक्ट गनला साधारण ४-५ सीएफएम लागतं, त्यामुळे एवढीशी टाकी दोन-चार नटांतच धापा टाकते. चाकं खोलायला लांब दांड्याचा पानाच बरा. ऑइल-फ्री, म्हणजे तेल न लागणाऱ्या कॉम्प्रेसरला देखभाल कमी, पण आवाज असा की शेजारच्या काकू दारात हजर! पावसाळ्यात टाकीत पाणी जास्त साचतं. काम संपलं की खालचा व्हॉल्व्ह उघडून ते काढायचं, नाहीतर आतून गंज धरतो. कुपवाडकडे एखाद्या वर्कशॉपमधला जुना मिळत असेल, तर मोटारीआधी टाकीचा तळ बघा.