पोर्तुगीज शिकायला जुलैत लिस्बन की कोइंब्रा?

पणजीत पोर्तुगीजची दोन-तीन वर्षं झाली, क्रियापदांची रूपं तोंडात बसली, की तिकडच्या उन्हाळी वर्गाचा विचार सुरू होतो. गोव्यातून जाणाऱ्यांची यादी बहुधा दोन नावांवर येऊन थांबते: लिस्बन विद्यापीठ आणि कोइंब्रा विद्यापीठ. शिकवण्यात डावंउजवं करावं असं मला तरी वाटत नाही. वर्ग सुटल्यावर रात्रीपर्यंत तुमच्या कानावर काय पडतं, त्यावर निवड करावी. मी कोइंब्रा निवडलं. कारण एकच, पण ते नीट सांगायला हवं.

लिस्बनमध्ये काउंटरवर उभं राहून तुम्ही वाक्य जुळवता: "उं गालांव, ई उं पाश्तेल द नाता, स फाश फावोर", म्हणजे एक दुधाळ कॉफी आणि एक कस्टर्डची पेस्ट्री द्या. मध्येच अर्धा सेकंद अडखळता, आणि पलीकडून इंग्रजीत प्रश्न येतो, आणखी काही हवंय का? यात उद्धटपणा काही नाही. मागे रांग असते, दिवसभर समोर पर्यटक असतात, काउंटरवरच्या माणसाला काम उरकायचं असतं. गोवेकराची अडचण अशी की आपलं इंग्रजी तयार असतं, त्यामुळे उत्तरही इंग्रजीतच जातं आणि संवाद तिथेच संपतो. हे दिवसातून सहा-सात वेळा झालं की महिनाभरात तोंड उघडायची सवयच जाते.

एवढ्याशा गोष्टीला इतकं महत्त्व देण्याचं कारण उच्चारात आहे. युरोपातली पोर्तुगीज आघात नसलेले स्वर गिळते. पुस्तकातलं 'पेकेनो' रस्त्यावर 'प्केनु' होतं, 'टेलेफोन'चं 'त्लफोन'. चावी, पगार, बटाटा, घमेलं हे सगळे शब्द तिकडूनच आलेले, म्हणून कागदावर भाषा ओळखीची वाटते. कानाला मात्र पहिले दहा दिवस काही लागत नाही. हा कान वर्गात तयार होत नाही, कारण शिक्षक मुद्दाम सावकाश आणि स्पष्ट बोलतात.

कोइंब्रा विद्यार्थ्यांचं गाव. जुलैच्या मध्यापासून विद्यार्थी घरी जातात आणि मागे राहतात ती गावची माणसं. पेद्रू पाचव्याच्या नावाच्या पालिका बाजारात मासळीवाल्या बाईकडे "मेयु कीलु द सार्दिन्याश" मागा, म्हणजे अर्धा किलो सार्डिन, आपले तारले. ती साफ करून देऊ का विचारते, तुम्हाला कळत नाही, ती तेच पुन्हा विचारते, थोडं मोठ्याने, पण पोर्तुगीजमध्येच. तिथं शिक्षण होतं. वरच्या भागात, विद्यापीठाच्या जुन्या जुआनिना ग्रंथालयाच्या आसपास, पर्यटक आणि इंग्रजी आहेच. तेवढा पट्टा सोडला की खाली वेगळं जग.

कोइंब्राचे त्रासही आहेत. विद्यापीठ टेकडीच्या माथ्यावर. जुन्या वाटेचं नावच 'केब्रा कोश्ताश', म्हणजे पाठमोड, आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या जिन्याला 125 पायऱ्या. दुपारी पारा 35 च्या वर जाऊ शकतो; लिस्बनला संध्याकाळी वारा सुटतो, इथे तो भरवसा नाही. खोली घेताना अंतर विचारू नका, चढ विचारा. कोइंब्रा-बी हे मुख्य स्टेशन गावाबाहेर आहे, सामान घेऊन तिथून पुढचं वाहन धरावं लागतं. ऑगस्टपर्यंत राहणार असाल तर विद्यापीठाची कुठली कँटीन उघडी असतील ते आधीच लिहून विचारा.

लिस्बनची सोय निर्विवाद. विद्यापीठाच्या कला विद्याशाखेजवळच मेट्रोच्या पिवळ्या मार्गावरचं सिदाद युनिव्हर्सितारिया स्टेशन आहे. विमानतळावरून लाल मार्गाने साल्दान्या गाठून गाडी बदलली की झालं. मासिक पास 30 युरोत शहरभर चालतो, पण कॅलेंडर महिन्यापुरता. वर्ग 15 जुलै ते 10 ऑगस्ट असेल तर दोन पास लागतात. लिस्बनच घ्यायचं ठरलं तर बायशा या मध्यवर्ती, पर्यटकांच्या भागात राहू नका. बेंफिका किंवा कांपू द ओरिककडे राहा, रोज एकाच वेळी एकाच पाश्तेलारियात, म्हणजे कॉफी-पेस्ट्रीच्या दुकानात जा, आणि पहिलं वाक्य "इश्तो आ अप्रेंदेर पुर्तुगेश" हे ठेवा, म्हणजे मी पोर्तुगीज शिकतोय. दोन-तीन दिवसांत तो माणूस इंग्रजी सोडतो. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात हे जमेलच असं नाही.

बाकी गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. दुकानात शिरल्यावर आधी "बों दीया" (शुभ सकाळ), मग काम. थेट भाव विचारलेला लोकांना खटकतो. हॉटेलात न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी मांडतात. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर उचलायला सांगा. शाकाहाऱ्यांनी नुसतं "सें कार्न" (मांस नको) म्हणून भागत नाही. काल्दू व्हेर्द या पालेभाजीच्या सूपमध्ये शोरिसूचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा तुकडा असतो, तेव्हा "सें शोरिसू" वेगळं सांगावं. श्रावण पाळणाऱ्यांनी मासळीचंही सांगावं. घरचा ॲल्युमिनियमचा कुकर नेताना जरा थांबा: बऱ्याच खोल्यांत इंडक्शन शेगडी असते, त्यावर तो तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच न्या.

त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला भर पावसाळा आणि कॉलेजचं नवं सत्र. हजेरीबद्दल विभागाकडून लेखी परवानगी मेमध्येच घ्या. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. विमा किमान 30,000 युरोचा हवा. अर्ज बहुधा अडकतो तो राहण्याच्या पत्रावर: पत्र वर्गाच्या तारखांचं असतं, विमान दोन दिवस आधीचं, आणि मधल्या रात्रींचा कागदच नसतो.

कोमुनिदादचे, म्हणजे गोव्यातल्या जुन्या गावसंस्थांचे, किंवा देवस्थानाच्या महाजनकीचे जुने दस्त वाचण्यासाठी भाषा शिकणाऱ्यांनी लिस्बनचा विचार जरूर करावा, कारण तोर्रे दु तोंबू हा पोर्तुगालचा राष्ट्रीय दप्तरखाना विद्याशाखेच्या शेजारीच आहे. तरीही जुलै कोइंब्रात काढून शेवटचे चार दिवस लिस्बनला द्यावेत असं मी सुचवेन. जलद गाडीला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, आणि तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं. फक्त त्या चार रात्रींचं बुकिंगही व्हिसाच्या कागदांत जोडा.