ताम्हिणी राइड: पुढचा पक्का, मागचा कच्चा

पुण्यातल्या एका ग्रुपकडे पैसे भरून ताम्हिणीला गेलो, 14 बाईक. निघण्याआधी चांदणी चौकात लीडरने 20 मिनिटं घेतली. सरळ रस्त्याला एक डावीकडे, मागचा उजवीकडे, आपल्याच बाजूच्या पुढच्या बाईकपासून दोन सेकंदांचं अंतर. घाटात मात्र एकामागे एक. खड्डा दिसला की मागच्याला इशारा म्हणून त्या बाजूचा पाय खाली. "आरशात मागचा दिसेना झाला, की हळू व्हायचं." इथेच पैसे वसूल!

पण ज्याने सगळ्यांच्या मागे राहायचं होतं, तो गडी मुळशीनंतर रील काढायला पुढे पळाला, आणि नेमकी माझी चेन उतरली. भुरभुर पावसात, काळ्या बोटांनी एकटाच चेन बसवत होतो. शेवटी लीडरच आरसा बघून परत आला. तीन स्टार, तेही त्याच्यासाठी.